सरासरी बरोबर, मग पाकीट कमी का?

मैत्रिणींनो, मागच्या दिवाळीत आमच्या बचत गटात भांडणच व्हायची वेळ आली होती. आम्ही पोह्यांचा चिवडा करून २०० ग्रॅमच्या पाकिटांत विकतो. एके दिवशी दुकानदार अकरा पाकिटं परत घेऊन आला. "ताई, वजनाला कमी आहेत." काट्यावर ठेवलं, तर एक १८८, एक १९०! ती पाकिटं सकाळची, काकूंनी भरलेली. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. काकूंचे डोळे भरून आले. "अगं, मी मापानंच भरते गं!"

मी दिवसभरातली चाळीस पाकिटं मोजली. सरासरी आली २०१. मग चुकतंय कुठं? मला काही सुचेना.

माझी भाची चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघते. ती सुट्टीला आली होती. म्हणाली, "मावशी, सरासरी नुसतं मधलं सांगते, पसारा सांगत नाही. पाकिटं ज्या क्रमानं भरता, त्या क्रमानं वजन लिही."

दुसऱ्या दिवशी दर अर्ध्या तासाला पाच पाकिटं काट्यावर ठेवली. त्यांची सरासरी चौकटीच्या वहीत ठिपक्यानं मांडली. मधे एक रेघ, वर-खाली एकेक मर्यादेची रेघ. त्या पाच पाकिटांत आपसांत जेवढा फरक पडतो, त्यावरून या मर्यादा काढतात. ठिपके रेघांच्या आत कसेही वर-खाली झाले तर ती रोजची तफावत, तिच्यासाठी कुणाला बोलायचं नाही. बाहेर गेले किंवा ओळीनं चढत राहिले, तर मात्र कारण शोधायचं. आमचे ठिपके जिन्यासारखे चढत होते, १८९ पासून थेट २१३ पर्यंत!

वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत, टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कारखान्यासाठी हा तक्ता मांडला. १९४७-४८ मध्ये ते भारतातही येऊन गेले. आम्हाला तो चिवड्याच्या पिंपाशी उपयोगी पडला.

कारण पिंपातच होतं. जास्त मावावा म्हणून रात्री आम्ही पिंप आपटून चिवडा बसवायचो. दाणे, डाळं तळाशी जायचं, हलके पोहे वर राहायचे. माप तेच, पण वरचं हलकं, तळाचं जड. काकू सगळ्यांत आधी येतात, म्हणून वरचा चिवडा त्यांच्या वाट्याला. सकाळी गिऱ्हाईक फसायचं, संध्याकाळी आमचे दाणे फुकट जायचे, आणि सरासरी म्हणायची, सगळं ठीक!

आता चिवडा परातीत वर-खाली करून घेतो आणि प्रत्येक पाकीट काट्यावर भरतो. वजन १९९ ते २०६ च्या आत राहतं. वैध मापनाच्या २०११ च्या नियमांत २०० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात ९ ग्रॅमपर्यंत तूट चालते, पण सरासरी २०० च्या खाली जाता कामा नये. म्हणजे आमची पाकिटं दोन्ही बाजूंनी निर्धास्त.

काकूंची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या हसल्या, पण म्हणाल्या, "आधी काटा बघायचा गं, मग माणूस." आता ठिपके मांडायचं काम त्यांच्याकडेच आहे. तुमच्याही पापड-मसाल्याच्या गटात कुणावर ठपका ठेवण्याआधी एक चौकटीची वही आणा. खर्च म्हणाल, तर वही आणि पेन्सिलीचा.