बुडालेल्या कंपनीची किंमत

गिरणी बुडाली म्हणजे लिक्विडेटर येऊन यंत्रांना मोडीचा भाव तरी लावतो. पण मालमत्ता आकाशात फिरत असली तर?

अमेरिकेतील इरिडियम कंपनीचे उदाहरण आम्ही श्रोत्यांपुढे ठेवतो. सुमारे ५०० कोटी डॉलर खर्चून उपग्रहांवरून चालणारी तिची दूरध्वनी-सेवा नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली. फोन जड, दर भारी; पुरेसे गिऱ्हाईक जमले नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. उपग्रह खाली उतरवून विकता येत नाहीत आणि वर ठेवायचे तर खर्च थांबत नाही. गिऱ्हाइकावाचून अशी मालमत्ता म्हणजे डोईवरचे देणेच. ते वातावरणात जाळून टाकण्याचीही तयारी झाली होती.

२००० च्या अखेरीस नव्या खरेदीदारांनी सारे अवघ्या अडीच कोटी डॉलरना घेतले. म्हणजे दोनशेंचा माल एकाला! त्याच सुमारास अमेरिकी संरक्षण खात्याने दोन वर्षांसाठी ७ कोटी २० लाखांचा करार केला, आणि तेच उपग्रह कमावते झाले.

तात्पर्य, पुढल्या कमाईतून चालविण्याचा खर्च वजा जाता जे उरेल, ती खरी किंमत. म्हणून कारखान्याला टाळे लागताच कामगारांनी आधी विचारावे: हे मोल चालत्या धंद्याचे, की बंद कुलपाचे? थकलेला पगार हाती पडणे त्या उत्तरावरच अवलंबून असते.