वजनाचा रकाना

वाचकहो, या आठवड्यात सर्दी-पडसे बाजूला ठेवून एका रजिस्टराविषयी लिहितो. त्यात माझी सही आहे आणि ती मला अजून खुपते.

काही वर्षांपूर्वी नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका निवासी शाळेत मी महिन्यातून एकदा तपासणीला जात असे. बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळा. लोकांच्या तोंडी अजून ती 'मतिमंदांची शाळा'च आहे. चाळीस मुले. मी गेलो की चहा येई, मागोमाग रजिस्टर येई. नाव, वय, उंची, वजन, शेरा. वजनाचा रकाना आधीच भरलेला असे. मी मुलांवरून नजर फिरवी, कुणाला खरूज किंवा ताप असेल तर औषध लिहून देई, आणि खाली 'सर्वांची प्रकृती समाधानकारक' असे लिहून सही करी.

एका दिवाळीच्या सुट्टीत मुखेड तालुक्यातली एक आई तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. आदल्या रात्री त्याला दोनदा फिट आली होती. काट्यावर उभे केले, तर वजन २४ किलो. शाळेने सुट्टीला सोडताना दिलेल्या आरोग्यपत्रकात त्याच महिन्याचे वजन ३० किलो होते. बरोबर आलेल्या थोरल्या मुलीने ते वाचून दाखवले. आईने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "डॉक्टरसाब, हेच्या खालची सही तुमचीच हाय ना?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मुलाचे तोंड उघडून पाहिले. डाव्या बाजूची खालची दाढ किडून हिरडीत पू झालेला. मुलाला बोलता येत नाही. दुखते म्हणून तो चावत नव्हता, चावत नव्हता म्हणून जेवत नव्हता. फिटची गोळी भाकरीच्या घासात घालून दिली जाई, तीही घासाबरोबर थुंकली जाई. फिटचे औषध असे अचानक पोटात जायचे थांबले की फिट उसळून येते. एका दाढेपासून इथवर मजल गेली होती.

पुढे शाळेत जाऊन मुलांना सांभाळणाऱ्या मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "सायेब, नागपंचमीपासून त्यो डाव्या बाजूनं चावत न्हाई. मला म्हाईत हाय. पर मला कोन इचारतंय?" रात्री बावीस मुलांमागे त्या एकट्या होत्या. वजनकाटा जूनपासून बिघडलेला होता आणि कारकून मागच्या महिन्याचे आकडे उतरवून काढत होता. मधल्या काळात सरकारी तपासणीही होऊन गेली होती. रजिस्टर पूर्ण, सही डॉक्टरची. त्यामुळे तपासणीचा शेराही 'समाधानकारक'.

या गोष्टीत दुष्ट माणूस कोणी नाही. कुणी मुलाला मारले नाही, कुणी त्याचे अन्न विकले नाही. प्रत्येकाने आधीच्याच्या कागदावर विश्वास ठेवला, एवढेच. आणि कागद पाहणाऱ्या कुणीही मूल पाहिले नाही. त्यात मीही आलो.

याहून भयंकर प्रकार आपल्या राज्यात घडले आहेत. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहातील बालमृत्यूंच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे पनवेलजवळच्या कळंबोली येथील बालगृहात मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले. २०१३ मध्ये न्यायालयाने त्या संस्थेच्या संचालकासह काही जणांना दोषी ठरवले. कुंपणच शेत खाते म्हणतात ते हेच.

हे केवळ आपल्याकडेच होते असेही नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या 'विंटरबोर्न व्ह्यू' या खासगी रुग्णालयात बौद्धिक दिव्यांगांना होणारी मारहाण २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने जगासमोर आणली. तिथल्या एका परिचारकाने आधीच देखरेख करणाऱ्या यंत्रणेकडे तक्रार केली होती, पण तिची दखल वेळेवर घेतली गेली नाही. अर्थ स्पष्ट आहे. तपासणी अधिकारी नेमले म्हणजे काम झाले असे नाही. आतल्या माणसाचे ऐकणाराही कोणी लागतो.

आपला कायदा काय सांगतो? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ५० प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही, आणि नियम मोडल्यास ते प्रमाणपत्र रद्द करता येते. कलम ७ प्रमाणे छळ, हिंसा किंवा शोषणाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतो.  विशेष शिक्षकांचे शिक्षण आणि नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे, १९९२ च्या कायद्याने. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या समावेशाने जिल्ह्यात स्थानिक समिती असते. अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अर्ज तिच्याकडेच करायचा. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्यातही अशा संस्थांवर स्वतंत्र देखरेख हवी असे म्हटले आहे.

म्हणजे कायद्याचा तोटा नाही. तोटा आहे तो आधाराचा. बावीस मुलांमागे एकटी असलेली मावशी, महिनोन् महिने पगाराची वाट पाहणारा शिक्षक आणि बिघडलेला काटा यांच्याकडे नुसती नोटीस पाठवून मुलाचे वजन वाढत नाही. तपासणी करणाऱ्याने एका हाताने चूक दाखवावी आणि दुसऱ्या हाताने ती दुरुस्त करायला मदत करावी. सिकंदराबादला १९८४ मध्ये मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. आज ती बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरणाची राष्ट्रीय संस्था म्हणून ओळखली जाते. नांदेडहून ती रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर आहे. आपले रुग्ण उठसूट हैदराबादला जातात, तसे शाळांचे कर्मचारीही प्रशिक्षणाला पाठवावेत. लातूरजवळ हरंगुळ येथे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी 'संवेदना' केंद्र आहे. तिथले काम इतर शाळांनी जाऊन पाहण्यासारखे आहे.

आमच्या त्या शाळेत बदल छोटेच झाले. एका औषध दुकानदाराने काटा दिला. प्रत्येक मुलाचे स्वतंत्र पान केले. त्यात मावशी सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचे ठरले, 'डाव्या बाजूनं चावत न्हाई' असेसुद्धा. फिटच्या गोळ्यांचा वेगळा तक्ता भिंतीवर लागला. वर्षातून दोनदा नांदेडहून दंतवैद्य येऊ लागले. रात्रीसाठी दुसरी मावशी मिळायला मात्र दीड वर्ष लागले.

पालकांनी अशा शाळेत मूल ठेवताना पुढील गोष्टी अवश्य पहाव्यात:

१. नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि त्याची मुदत वाचा. मागायला संकोच नको.

२. रात्री किती मुलांमागे किती माणसे आहेत, ते विचारा. मुलींच्या खोलीजवळ रात्री बाई असलीच पाहिजे.

३. दर महिन्याचे वजन मागा आणि सुट्टीत घरी आल्यावर स्वतः करून पहा. वाढत्या मुलाचे वजन घटले, तर ते दुखण्याचे लक्षण समजा.

४. फिटचे औषध कोण देतो, कुठे लिहितो, ते पहा. औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

५. न बोलणारे मूल वागण्यातून बोलते. अचानक चावणे, डोके आपटणे, जेवण टाकणे, कुणाला पाहून घाबरणे याला 'खोड' म्हणू नका. दात, कान, पोट तपासून घ्या. अंगावरचे वळ पहा.

६. वेळ न कळवता भेटायला जा. जी संस्था अशी भेट नाकारते, तिथे मूल ठेवू नका.

७. संशय आला तर बालकांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फोन करा, जिल्ह्यातील दिव्यांग कल्याणाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

मूल नसलेल्या वाचकांनाही एक विनंती. आपल्याकडे वाढदिवसाला, पुण्यतिथीला अशा शाळेत जेवण द्यायची चांगली पद्धत आहे. जिलेबी वाढतो, फोटो काढतो, परत येतो. पुढच्या वेळी जेवण वाढून झाल्यावर अर्धा तास थांबा. कोणते मूल जेवत नाही ते पहा आणि मावशींना विचारा की तुम्हाला काय हवे आहे. कदाचित त्या जिलेबीऐवजी काटा मागतील.

त्या मुलाची दाढ काढली, औषध नीट सुरू झाले, होळीपर्यंत वजन २९ किलोवर आले. आईने त्याला परत शाळेत पाठवले, पण एका अटीवर. दर महिन्याला वजन तिच्यासमोर करायचे. ती एसटीने येते, काट्यासमोर उभी राहते, आकडा थोरलीकडून वाचून घेते. मग माझ्याकडे बघते, आणि त्यानंतरच मी सही करतो.