बारावीनंतर जपानमध्ये पदवी शिक्षण : सरकारी शिष्यवृत्तीसाठी अर्ज कसा करावा?

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एकच विचार सुरू होतो. मुलाला किंवा मुलीला परदेशी शिकायला पाठवावे, परंतु पैसा कोठून आणावा? काही पालक कर्ज काढतात, काही वडिलोपार्जित वाडीचा तुकडा विकायला निघतात, तर काही एजंटाच्या शब्दावर विसंबून आगाऊ रक्कम भरून बसतात. म्हणूनच ज्या शिक्षणाचा खर्च यजमान देशाचे सरकार स्वतः उचलते, अशा एका योजनेची माहिती आम्ही येथे देत आहोत.

जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५४ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. ‘मेक्स्ट शिष्यवृत्ती’ या नावाने ती आज ओळखली जाते. तिच्यात पदवी अभ्यासक्रमासाठी स्वतंत्र विभाग असून बारा वर्षांचे शालेय शिक्षण पूर्ण केलेले विद्यार्थी त्यास पात्र ठरतात. अलीकडच्या सूचनांनुसार वयोमर्यादा सुमारे पंचवीस वर्षांची आहे. जन्मतारखेची नेमकी अट आणि गुणांची अट त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहावी.

काय मिळते?

विद्यापीठाचे प्रवेश व शिक्षण शुल्क माफ होते, जाण्यायेण्याचे विमानभाडे मिळते आणि दरमहा १,१७,००० येन निर्वाहभत्ता दिला जातो. (येनचे मूल्य रुपयापेक्षा कमी आहे, हे हिशेब करताना विसरू नये.) ही रक्कम कर्ज नाही, ती परत करावी लागत नाही. एकूण कालावधी पाच वर्षांचा असतो, तर वैद्यक, दंतवैद्यक व पशुवैद्यकासाठी सात वर्षांचा. यातील पहिले वर्ष जपानी भाषा आणि पूर्वतयारीच्या विषयांसाठी राखलेले असते. त्यानंतरचे शिक्षण जपानी भाषेतूनच होते. कोणत्या विद्यापीठात जागा मिळेल, याचा अंतिम निर्णय मंत्रालय घेते. ही गोष्ट मान्य असेल तरच अर्ज करावा.

निवड कशी होते?

दिल्लीतील जपानी राजदूतावासाच्या संकेतस्थळावर साधारणपणे एप्रिल ते जून या काळात सूचना प्रसिद्ध होते. प्रथम कागदपत्रांची छाननी, मग लेखी परीक्षा व मुलाखत होते. येथे निवडलेल्यांची नावे टोकियोला जातात आणि मंत्रालय दुसरी छाननी करते. अंतिम निकाल पुढील वर्षाच्या आरंभी लागतो आणि प्रस्थान एप्रिलच्या सुरुवातीस असते.

लेखी परीक्षेचे विषय शाखेनुसार ठरतात. कला, कायदा, अर्थशास्त्र, व्यवस्थापन अशा विषयांसाठी जपानी, इंग्रजी व गणित. अभियांत्रिकी व भौतिक विज्ञानासाठी जपानी, इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र. कृषी, औषधनिर्माण, परिचर्या व वैद्यकासाठी भौतिकशास्त्राऐवजी जीवशास्त्र. जपानी येत नसले तरी त्या विषयाचा पेपर द्यावाच लागतो, पण भाषा न येणे ही अपात्रता नाही. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका जपान सरकारने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. गणिताचा पेपर आपल्या बारावीच्या धाटणीचा नसतो. त्यामुळे अकरावीपासूनच त्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

कागदपत्रे

विहित नमुन्यातील अर्ज, गुणपत्रिका, उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र, मुख्याध्यापक किंवा प्राध्यापकांचे शिफारसपत्र आणि विहित नमुन्यातील वैद्यकीय प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे होत. मराठी कागदपत्रांना इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. आपल्याकडे हमखास नडणारी बाब म्हणजे नावातील तफावत. बाप्तिस्मा प्रमाणपत्र, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट यांवर आडनावाचे स्पेलिंग वेगवेगळे असते. ही दुरुस्ती दहावीतच करून घ्यावी, कारण शेवटच्या आठवड्यात ती होत नाही.

काही सावधगिरीच्या सूचना

पहिली गोष्ट, या अर्जासाठी शुल्क नाही आणि एजंटाची गरजही नाही. ‘जागा मिळवून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागितल्यास त्यापासून दूर राहावे.

दुसरी गोष्ट, जागा मोजक्या असतात आणि स्पर्धा देशभरातील विद्यार्थ्यांशी असते. बारावीचा निकाल आणि प्रस्थान यांत जवळजवळ एक वर्ष जाते. म्हणून येथील महाविद्यालयातील प्रवेश सोडू नये. मूळ दाखले महाविद्यालयात जमा करण्यापूर्वी त्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट, परदेशात वैद्यक शिकून भारतात व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांनी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम आधी वाचावेत. त्यांत इंग्रजी माध्यमाची अट आहे, आणि जपानमधील हे शिक्षण जपानी भाषेतून होते.

चौथी गोष्ट, पदवी विभागात यश येणार नाही असे वाटल्यास याच योजनेतील तांत्रिक महाविद्यालय व विशेष व्यावसायिक प्रशिक्षण हे विभागही पाहावेत. तेथेही बारावीनंतर अर्ज करता येतो.

भाषेची तयारी

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची केंद्रे मुंबई व पुणे येथे आहेत, आणि पुण्यात जपानी शिकविण्याची जुनी परंपरा आहे. परीक्षेची प्राथमिक पातळी गाठलेला विद्यार्थी मुलाखतीत अधिक आत्मविश्वासाने बोलतो.

वसईच्या वाचकांना येथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानी भाषा उत्तम जाणत असत आणि तिच्याच बळावर त्यांनी फ्रान्सिस्कन मिशनरींचे दुभाषी म्हणून काम केले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी हौतात्म्य पत्करले. आपल्या मातीतला एक तरुण चारशे वर्षांपूर्वी ती भाषा शिकला, तर आजच्या मुलामुलींना ती परकी वाटण्याचे कारण नाही.

शाळांचे मुख्याध्यापक आणि धर्मग्रामांतील युवक मंडळांनी ही माहिती दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांपर्यंत वेळेवर पोहोचवावी, ही आमची नम्र विनंती. ज्या घरात विकायला वाडी नाही आणि कर्जाला तारण नाही, त्या घरातील हुशार मुलापर्यंत ती प्रथम पोहोचावी.