सुगी झाल्यावर बघू

निपाणीच्या बाजारात तंबाखूच्या वखारीत हमाली केलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला 'अंतर्गळ' (म्हणजे हर्निया) म्हटलं तर तो क्षणभर गप्प होईल. हा शब्द डॉक्टरांचा आणि पुस्तकांचा. त्याच्या तोंडी आहे ते एवढंच: "गाठ येती आन जाती." दिवसभर पोती वाहिली की जांघेत फुगवटा येतो, रात्री पाठ टेकली की तो आपोआप आत जातो. या येण्याजाण्यातच त्या रोगाची सगळी फसवणूक आहे. जी गाठ झोपेत नाहीशी होते, तिच्यासाठी डॉक्टरकडे कोण जाणार? आणि जागा अशी की बायकोलाही सांगायची लाज. मग ठरलेलं उत्तर येतं: सुगी झाल्यावर बघू.

हमालाला हा आजार समजावायला आकृती काढावी लागत नाही. पोत्याची शिवण एका जागी विरली की आतला माल तिथून डोकावतो, तसंच हे. पोटाच्या भिंतीतले स्नायू जिथे विरळ असतात तिथून आतड्याचं वेटोळं किंवा चरबी पुढे सरकते. पुरुषाच्या जांघेत ही विरळ जागा जन्मतःच असते, कारण गर्भात वृषण पोटातून खाली उतरतात ते त्याच वाटेनं. जगभरात साधारण चारातल्या एका पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी जांघेतला हर्निया होतो, तो या वाटेमुळे. ओझं हे एकटंच कारण नव्हे. घराण्यात चालत आलेली कमजोरी असते, जुनाट खोकला असतो, शौचाला कुंथणं असतं. धूम्रपानानं तर खोकलाही येतो आणि स्नायूंना धरून ठेवणारे तंतूही कच्चे पडतात. तंबाखूवर उभ्या राहिलेल्या गावानं हे वाचून काय करावं, मला सुचत नाही.

बायकांना हा आजार होत नाही, हा आपल्याकडचा आणखी एक गैरसमज. बेंबीचा हर्निया, सिझेरियनच्या व्रणातून आलेला हर्निया, मांडीच्या वरच्या टोकाशी येणारा लहानसा पण फार लवकर अडकणारा हर्निया, हे सगळे बायकांनाही होतात. जर्दा चाळत, विड्या वळत बसलेल्या बाईचं पोट कोण तपासतं?

आमच्या आजोबांचा चामड्याचा पट्टा खुंटीला टांगलेला असायचा. मला वाटायचं, तो बैलाच्या साजातला. पुढे कळलं की तो कमरेला बांधून गाठ दाबून धरायची असते. तालमीत गेलेले लोक लंगोट कसत आणि लंगोट कसला की अंतर्गळ होत नाही असं छातीठोक सांगत. उजव्या कानाच्या वरच्या पाळीत भिकबाळी घातली की 'आतडं उतरत नाही', हेही मी लहानपणी ऐकलं आहे. त्याला हसू नये. सुश्रुतसंहितेत आंत्रवृद्धीच्या, म्हणजे अंतर्गळाच्या, चिकित्सेत कानशिलाजवळची शीर विरुद्ध बाजूला वेधायला सांगितली आहे, तेव्हा ही समजूत कुठून आली असावी याचा अंदाज येतो. त्याच सुश्रुतानं कारणं सांगताना ओझं वाहणं, आपल्याहून बलवानाशी झुंजणं आणि झाडावरून पडणं ही नावं घेतली. ती यादी हमालाला आणि पैलवानाला आजही लागू पडते. उपचार मात्र डाग देण्यापलीकडे फारसा गेला नाही.

जांघेची खरी दुरुस्ती 1884 मध्ये इटलीतल्या पदुआत सुरू झाली. एदोआर्दो बासिनी हा सर्जन तरुणपणी गॅरिबाल्डीच्या बाजूनं लढताना 1867 मध्ये संगिनीचा घाव खाऊन आला होता, तोही जांघेतच. त्यानं त्या वाटेची नीट मांडणी समजून घेऊन तिची मागची भिंत टाक्यांनी पुन्हा बांधली. तोपर्यंत ऑपरेशन झालं तरी बहुतेकांची गाठ परत येत असे. बासिनीनंतर पाच वर्षांनी, 1889 मध्ये, कॅनडाचे डॉक्टर विल्यम वॉनलेस हिंदुस्थानात आले आणि 1894 मध्ये मिरजेत त्यांचं इस्पितळ उभं राहिलं. मिरज तंबोऱ्यांची तशी डॉक्टरांचीही होत गेली. बेळगावकडची गाडी थेट मिरजेला जाई, त्यामुळे आपल्या भागात 'ऑपरेशन' या शब्दाला 'मिरजेला न्यायचं' हाच पर्याय होता. मिरजेला न्यायचं म्हणजे घर घाबरणार. गाठ अडकून, पोट फुगून, उलट्या सुरू झाल्यावरच माणूस गाडीत बसे. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत तुटतो आणि आतडं काळं पडतं. मग शिवण सोडून आतडंच कापावं लागतं. इस्पितळाची अशी भीती ज्या घरात बसली, तिथला पुढचा माणूस आणखी उशिरा निघाला.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत नकाशा बदलला, निपाणी-बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं; माणसांच्या वाटा बदलल्या नाहीत. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरेक. त्यामुळे निपाणीकरांचे पाय कोल्हापूर-मिरजेकडेच वळत राहिले. बेळगावात 1963 मध्ये केएलई संस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि खानापूर, हुक्केरी, चिकोडीच्या लोकांना ऑपरेशनचं एक जवळचं टेबल मिळालं. पण सीमा हमालाच्या पाठीवर वेगळ्याच रीतीनं उमटली. 1969 मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला, हमालाचं नाव नोंदवहीत आलं. तो कायदा सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे, म्हणजे आमच्याकडे, लागू नव्हता. तीच पोती, तीच भाषा, तीच जांघ.

टाक्यांनी ओढून आणलेल्या स्नायूंवर ताण राहतो, जुन्या धोतराला ठिगळ ओढून शिवल्यासारखा, म्हणून बासिनीनंतरही बऱ्याच गाठी परत येत. लॉस एंजेलिसच्या इर्विंग लिक्टनस्टाइन यांनी 1980च्या दशकात ताण न देता प्लास्टिकच्या धाग्याची जाळी लावायची पद्धत रूढ केली आणि परत येणं झपाट्यानं घटलं. नंतर दुर्बिणीचं ऑपरेशन आलं. अडचण जाळीच्या किमतीची होती. आणि इथे आपल्या माणसांचं काम मोलाचं आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं आणि 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध केले. शहरी सर्जनांनी नाकं मुरडली असतील. पण 2016 मध्ये युगांडातल्या 302 पुरुषांवरचा अभ्यास जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आला. सुमारे एका डॉलरची मच्छरदाणीच्या कापडाची जाळी आणि शंभराहून अधिक डॉलरची कंपनीची जाळी यांच्यात वर्षभरानंतर दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. (घरची मच्छरदाणी कापून डॉक्टरकडे नेऊ नये, ही सूचना मी गंमत म्हणून लिहीत नाही.) पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीच नको म्हटलं. रुग्णाच्याच स्नायूच्या पडद्याची एक पट्टी वापरून भिंत बांधायची त्यांची पद्धत 2001 मध्ये प्रसिद्ध झाली आणि परदेशातही वापरली गेली.

खर्चाचा डोंगर 2003 मध्ये कर्नाटकाच्या यशस्विनी योजनेनं हलवला. सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्याला सुरुवातीला वर्षाला 60 रुपयांत शस्त्रक्रियेचं संरक्षण. 2018 मध्ये ती बंद होऊन दुसऱ्या योजनेत मिसळली, 2022 मध्ये परत आली. 2023 मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना आपली जनआरोग्य योजना लागू केली, त्याला कर्नाटकानं हरकत घेतली. गाठ कुणाच्या कार्डावर काढायची, यावर दोन सरकारं भांडतात, असं दृश्य इथेच दिसावं.

लगेच ऑपरेशन करायलाच हवं असं प्रत्येक वेळी नसतं, हेही सांगायला हवं. 2006 च्या एका अमेरिकन अभ्यासात त्रास नसलेल्या पुरुषांना नुसतं देखरेखीखाली ठेवलं, तेव्हा तातडीचं अडकणं हजारात वर्षाला दोनाहूनही कमी वेळा झालं. पण त्या लोकांना वेळोवेळी तपासणारा डॉक्टर होता. आपल्या हमालाचं 'वाट बघणं' त्या जातीचं नव्हे.

आता ऑपरेशन झालं की बहुधा दोन दिवसांत घरी पाठवतात. कंबरेखाली भूल, तासाभराचं काम, कार्ड असेल तर बिल नाही. मग डॉक्टर म्हणतात, महिना-दीड महिना जड उचलू नका. या वाक्याला कुठल्याच योजनेत रक्कम नाही. रोजंदारीवाला ते ऐकतो, मान डोलावतो आणि बाहेर आल्यावर विचारतो, "दीड म्हयना कोण देणार?" बाजारातल्या औषधाच्या दुकानात हर्नियाचा पट्टा अजून दाराजवळच टांगलेला असतो. आता तो इलॅस्टिकचा असतो, तीन मापांत मिळतो, आणि ऊसतोडणी सुरू होण्याआधी त्याची मागणी वाढते, असं दुकानदार सांगतो.