थरथरणारं स्टेअरिंग आणि दोन शतांश मिलिमीटर

महाबळेश्वरहून निघून, प्रतापगडचा फाटा मागे टाकत आंबेनळी घाटाने पोलादपूरला यायचं म्हणजे सुमारे ४० किलोमीटरमध्ये १२०० मीटरहून जास्त उतरायचं. माणसांसकट १२०० किलो भरणारी गाडी एवढी उंची खाली येते, तेव्हा जवळपास १ कोटी ४० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत ४५ लिटर पाणी उकळेल. त्यातला काही वाटा टायर आणि हवा घेतात, काही इंजिन घेऊ शकतं, आणि उरलेला सगळा ब्रेकवर, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर येतो.

पोलादपूरला महामार्गावर येऊन महाडची वाट धरली, वेग ८० झाला आणि ब्रेक दाबताच स्टेअरिंग थरथरलं, की गॅरेजमध्ये एकच निदान ऐकू येतं: ‘डिस्क बेंड झाली, बदला.’ हे निदान बहुतेक वेळा अपुरं असतं. डिस्क घाटाच्या उष्णतेने पापडासारखी वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हा फरक एक-दोन शतांश मिलिमीटर असला तरी पुरतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पायाला मात्र लगेच कळतो. जाड भाग पॅडमध्ये आला की पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेक ऑइलचा दाब वाढतो, आणि पातळ भाग आला की उतरतो. ताशी ६५ किलोमीटरला लहान गाडीचं चाक सेकंदाला साधारण दहा फेरे घेतं, म्हणजे हा धक्काही सेकंदाला दहा-वीस वेळा बसतो. सस्पेन्शनची स्वतःची कंपनंही साधारण याच पट्ट्यात येतात. म्हणूनच ठरावीक वेगाला थरथर जोरात जाणवते आणि वेग उतरला की विरते.

मग जाडीत फरक पडतो कसा? याचं मूळ अनेकदा डिस्कच्या मागे, ती जिच्यावर बसते त्या चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे हबवर असतं. कोकणातल्या पावसात हबच्या तोंडावर गंजाचा पोपडा धरतो. तो न खरवडता नवी डिस्क चढवली, किंवा चाकाचे नट एका बाजूने आवळत नेले, की डिस्क किंचित तिरकी बसते. हबपाशी पाच शतांशाचा तिरकेपणा डिस्कच्या कडेपर्यंत जवळजवळ दुप्पट होतो. ब्रेक न दाबताही डिस्कचा तोच भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासून जातो. एका फेऱ्यात काहीच झिजत नाही, पण काही हजार किलोमीटरमध्ये तिथे पातळ पट्टा पडतो. नवी डिस्क टाकून काही महिन्यांत तीच तक्रार परत का येते, याचं उत्तर इथे आहे. डिस्क बदलली, कारण जागेवरच राहिलं.

दुसरं कारण सवयीचं. घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर पाय घट्ट दाबून गाडी उभी ठेवली, तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटू शकतो. पुढे तिथे ब्रेक वेगळा पकडतो, ती जागा जास्त तापते आणि ओतीव लोखंडात कडक ठिपके तयार होतात. तिसरं कारण पुराचं. जुलै २०२१ मध्ये महाडसारखी शहरं पुराच्या गाळात बुडाली. अशा पुरात सापडलेल्या गाडीत पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिनाही तपासायला हव्यात, कारण पिन जाम झाली की पॅड डिस्क सोडतच नाही.

निदानाची सुरुवात घरीच करता येते. स्टेअरिंग थरथरलं तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि पाठ हलली तर मागच्या ड्रमवर. ब्रेक न लावताही ८०-१०० ला थरथर असेल, तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर बघा. निसरड्यावर जोरात ब्रेक मारताना पेडल धडधडलं, तर तो एबीएस आपलं काम करतोय.

पुढचं काम डायल गेजचं. चाक काढून डिस्क नटांनी हबवर घट्ट बसवायची, चुंबकी स्टँडवरचा गेज डिस्कच्या कडेजवळ टेकवायचा आणि डिस्क हाताने सावकाश एक फेरा फिरवायची. काट्याचं एक घर म्हणजे एक शतांश मिलिमीटर. बऱ्याच गाड्यांना पाच ते दहा घरांपर्यंतच चालतं. नेमकी मर्यादा कंपनीच्या पुस्तकात असते. काटा त्यापुढे गेला तर हब घासून साफ करायचा, डिस्क एक भोक सरकवून बसवायची आणि पुन्हा मोजायचं. मायक्रोमीटरने आठ जागी जाडीही घ्यायची. फरक निघाला तर लेथवर डिस्क फेस करता येते, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली नाही. बदलायचीच झाली तर डावी-उजवी जोडीने. नट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने आवळायचे.

आणि घाटात गाडी न्यूट्रल करू नका. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे पेट्रोल वाचत नाही आणि ब्रेकवर सगळा भार येतो. ज्या गिअरने घाट चढाल, त्याच गिअरने उतरा. खाली आल्यावर दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवा, डिस्कला वारा लागू द्या. आणि गॅरेजवाल्याने डिस्क बदलायला सांगितली, तर आधी गेजचं रीडिंग मागा.