आयुष्यभराचं विमान तिकीट

1981 साली अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीला रोख पैशांची निकड होती आणि कर्जाचं व्याज आभाळाला भिडलेलं. तेव्हा तिने ‘एएअरपास’ विकायला काढला. अडीच लाख डॉलर एकदाच भरा आणि हयातभर पहिल्या वर्गातून हवं तितकं उडा! आणखी दीड लाख दिले की सोबत्यासाठी दुसरी जागाही मिळे.

कंपनीचा हिशेब इथेच चुकला. प्रवासाला तिने कमाल मर्यादाच घातली नव्हती. शिकागोच्या एका धारकाने 10,000हून अधिक फेऱ्या केल्या. सोबत्याची जागा तो कधी खोट्या नावाने, तर कधी चक्क ‘बॅग’ या नावाने राखून ठेवी. 2008 मध्ये गैरवापराचा ठपका ठेवून कंपनीने त्याचा पास रद्द केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कराराच्या वेळी सोबत्याचं कलम दोन्ही बाजूंनी नीट उलगडून घेतलं असतं, तर ही वेळ आली नसती, असं मला ठाम वाटतं.

कुठल्याही पासचे पैसे आगाऊ भरायचे, तर आधी पाहायचं ते हेच: पास दुसऱ्याला देता येतो का, आरक्षण करून न गेल्यास काय, आणि तो रद्द करायचा अधिकार कुणाकडे. शिवाय कंपनी बुडाली, तर पासधारक तारण नसलेल्या इतर धनकोंच्या रांगेत जाऊन बसतो. 2019च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेजची विमानं थांबली, तेव्हा आगाऊ तिकीट काढलेल्यांना परताव्यासाठी ताटकळावं लागलं होतं.