कोरा रकाना

मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभी राहिली 1872 साली. दीडशे वर्षांच्या निमित्ताने लिही, असं संपादकांनी तेव्हाच सांगितलं होतं. ते राहून गेलं. यंदा उपनगरातल्या एका लहान मराठी मंडळीचा वर्धापनदिन आहे असं कळलं आणि मी तिथे गेले. उपासना झाली, ज्येष्ठांना शाली दिल्या, पाळकसाहेबांनी अहवाल वाचला. बाहेर मांडवात जेवणाची पंगत बसत होती. मी मात्र आतच राहिले, कारण मागच्या बाकावर खजिनदार काकू दानार्पणाची पाकिटं मोजत बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक लांबट वही होती.

वहीत घराघराची नावं. नावापुढे वर्षाचे रविवार, आडव्या ओळीत. आलेल्याला बरोबरची खूण. न आलेल्यापुढे कुठे 'आ', कुठे 'गा', कुठे 'का'. आजारी, गावी, कामावर. आणि काही रकाने कोरे.

"हे कोरे का?" मी विचारलं.

"तिथं मला माहीत नाही ना," काकू म्हणाल्या. "जाऊन यायला पाहिजे."

पाकिटांचा हिशेब वेगळ्या पानांवर होता. तो पाच मिनिटांत जुळला. कोऱ्या रकान्यांवर त्या कितीतरी वेळ बोट ठेवून बसल्या.

ही वही पाहून मी चमकले, कारण तिची थोरली बहीण मला वाचून माहीत होती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या अनुयायांनी 1739 मध्ये 'न्यू रूम' नावाची इमारत बांधली आणि कर्जात बुडाले. 15 फेब्रुवारी 1742 ला कर्ज कसं फेडायचं याची सभा भरली. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं, फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, आपल्यातल्या बऱ्याच जणांना तेवढंही परवडणार नाही. त्यावर फॉय म्हणाले, मग सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे लावून द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, देतील ते घेईन, आणि ज्याच्याकडे नसेल त्याचं मी भरेन.

अकरा आणि फॉय मिळून बारा. मेथडिस्टांचा 'क्लास' इथून सुरू झाला. पुढाऱ्याने पेनी गोळा करायला घरोघर जायचं, आणि गेल्यावर दिसायचंच: कोण अंथरुणाला खिळलंय, कोण दारूच्या आहारी गेलाय, कुणाच्या घरात भांडण पेटलंय. वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पुढे घरोघर फिरण्याऐवजी बारा जण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले आणि आठवडा कसा गेला ते एकमेकांना सांगू लागले. दर तीन महिन्यांनी सभासदत्वाचं तिकीट नव्याने मिळे. पुढाऱ्याच्या वहीत गैरहजेरीला अक्षरं असत: आजारी, परगावी, कामात, हयगय. कारण कळलं नसेल तर त्यालाही वेगळी खूण होती.

काकूंनी यातलं काही ऐकलेलं नव्हतं. त्यांची अक्षरं त्यांच्या स्वतःच्या गरजेतून आली होती. मला हे फार मोलाचं वाटलं. आपल्याकडे बचत गट चालवणाऱ्या कुठल्याही बाईला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, रक्कम छोटी, वार ठरलेला, आणि हप्ता चुकला की पैशाआधी माणसाची चौकशी.

क्लासची ही रीत मुंबईत आणली विल्यम टेलर यांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर सोनं शोधायला आलेल्यांपुढे उपदेश केलेला हा धिप्पाड अमेरिकन माणूस 1871 च्या अखेरीला मुंबईत सभा घेऊ लागला. सभांना आलेल्या लोकांचे त्याने घराघरांतून क्लास बांधले. देऊळ नाही, निधी नाही. आधी कुणाच्या तरी दिवाणखान्यातली दहाबारा माणसं. टेलरची अट कडक होती. इथल्या मंडळीने आपल्या पाळकाचा खर्च आपणच उचलायचा, परदेशी मिशनच्या तिजोरीकडे बघायचं नाही. पुणे, कलकत्ता, मद्रास, जिथे तो गेला तिथे त्याने हेच सांगितलं.

टेलरच्या बाजूने जो माणूस उभा राहिला त्याच्यापाशी माझं मन अडकलं आहे. अपोलो बंदरावर, गेटवेच्या गर्दीपासून हाकेच्या अंतरावर, बोवेन मेमोरिअल चर्च आहे. फोटो काढणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी ती पाटी वाचत असेल. जॉर्ज बोवेन 1816 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जन्मले. तरुणपणी युरोप फिरलेले, अनेक भाषा जाणणारे, ऑपेराचे शौकीन आणि पक्के नास्तिक. ज्या मुलीवर जीव होता ती 1844 मध्ये क्षयाने गेली. जाताना तिने आपलं बायबल त्यांच्यासाठी ठेवलं आणि ते रोज वाचण्याची विनंती केली. त्या वाचनातून आयुष्य पालटलं. जानेवारी 1848 मध्ये ते मिशनरी म्हणून मुंबईत उतरले. वर्षभरात पगार नाकारला, बाजारपेठेच्या वस्तीत खोली घेतली, शिकवण्या करून पोट भरलं. रस्त्यात उभं राहून मराठीत उपदेश करत. 'बॉम्बे गार्डियन' हे साप्ताहिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. टेलर आले तेव्हा बोवेन पंचावन्न वर्षांचे होते, शहरात त्यांच्याबद्दल आदर होता. तरी ते या नव्या, पैसा नसलेल्या मंडळीत सामील झाले. 5 फेब्रुवारी 1888 ला मुंबईतच वारले. चाळीस वर्षांत एकदाही अमेरिकेला परतले नाहीत.

त्यांच्या उपदेशाने फारशी माणसं बाप्तिस्म्याला आली नाहीत. आकड्यांत मोजायचं तर त्यांच्या वहीत दाखवण्यासारखं थोडंच होतं. अशा माणसाचं नाव मंडळीने आपल्या देवळाला द्यावं, यात मला तिचा खरा स्वभाव दिसतो.

पुढचा अधिकृत इतिहास अहवालात होता: 1876 ची दक्षिण भारत कॉन्फरन्स, 1970 मध्ये उत्तर भारताच्या एकत्रित चर्चमध्ये सामील न होण्याचा निर्णय, 7 जानेवारी 1981 ला स्वायत्त झालेली 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया'. पाळकसाहेबांनी तो भराभर वाचला आणि लोकांनीही भराभर ऐकला.

काकूंना बोलायचं होतं ते वेगळंच. मंडळीतली जुनी घरं रेल्वेच्या रुळांबरोबर पांगली. चाळी पडल्या, टॉवर आले, आणि जवळ राहणारी माणसं विरार, बदलापूर, पनवेलला गेली. रविवारी दोन गाड्या बदलून लहान मुलांना घेऊन यायचं म्हणजे सुट्टीचा अख्खा दिवस. काही जण तिकडेच जवळच्या नव्या, वाद्यवृंद असलेल्या मंडळ्यांत जातात. मुलं इंग्रजी शाळांतली. मराठी स्तोत्रं पुस्तकात बघूनही अडखळतात. पाळकांच्या बदल्या होतात, नव्या माणसाला घरं माहीत होईपर्यंत पुढची बदली.

"पूर्वी दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी कॉटेज मीटिंग असायची," काकू म्हणाल्या. "सतरंजी घालून बसायचो. पाहुणा आला तरी तोही बसायचा. आता टॉवरच्या गेटवर नाव लिहून, फोन लावून वर जायचं. चार वेळा गेलं की त्यांनाच अवघडल्यासारखं होतं."

आता वर्गणी पुष्कळजण फोनवरून पाठवतात. पैसे येतात, अगदी वेळेवर येतात. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. फॉयच्या पेनीसाठी कुणालातरी दार वाजवावं लागत होतं. वर्गणी दार न वाजवता पोचू लागली, की दार वाजवायला निमित्त उरत नाही. टेलरने आग्रह धरलेलं स्वावलंबन हिशेबात टिकून राहील आणि बारा माणसं एकमेकांना अनोळखी होतील, हे शक्य आहे. इंग्लंडमध्ये, जिथे हे सुरू झालं, तिथे क्लास कितीतरी आधी थंडावले. 1932 मध्ये तिथले मेथडिस्ट एकत्र आले तेव्हा सभासद आठ लाखांहून अधिक होते. आता दीड लाखाच्या आत आहेत, आणि गावोगावची छोटी देवळं विकली गेली आहेत.

वही काकूंनंतर कोण घेणार, हे मी विचारलं. त्यांनी एका मुलीचं नाव घेतलं. ती नोकरीसाठी बंगळुरूला जायच्या बेतात होती. "तोवर मी आहे," त्या म्हणाल्या.

पंगतीची हाक आली तेव्हा त्या उठल्या नाहीत. शेवटची दोन पाकिटं रिकामी होती. दोन्ही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची. काकूंनी पर्स उघडली, दोन नोटा काढल्या, एकेक घातली आणि हिशेबात त्या दोघींच्या नावांपुढे रक्कम लिहिली. हजेरीचं पान उलटून त्यांनी यातल्या एकीचा रकाना पाहिला. तीन रविवार कोरा होता.

"जेवण झालं की डबा घेऊन जाऊ या," त्या म्हणाल्या. "तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. याल ना तुम्ही?"